तिसऱ्या गाळ्याचा इस्तिखारा

गादीवाल्याचे वडील वारले तेव्हा त्यांनी मागे ठेवले ते इतके थोडे आणि इतके स्वच्छ होते, की त्यावरून वाद उभा करण्यास विशेष प्रतिभाच हवी होती. गादीवाल्यापाशी ती होती. एका ओळीत बांधलेले तीन गाळे, तिन्ही सारख्या मापाचे. मागे राहिलेली अपत्ये दोन, एक मुलगी आणि एक मुलगा. धर्माने घालून दिलेली वाटणी अशी, की मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक. बोटांवर मोजण्याचेही कष्ट नकोत, एवढा सरळ हिशेब. मुलाचे मात्र मत असे पडले, की अब्बांनी चार गाळे बांधले असते किंवा दोनच बांधले असते, तर निदान चर्चेला वाव राहिला असता.

या मनुष्याच्या धार्मिकतेविषयी कुणी शंका घेऊ नये. पाचही वेळची नमाज तो वेळेवर अदा करी. ‘देणारा तो, आपण कोण?’ हे वाक्य दिवसातून वीसदा त्याच्या मुखी येई, आणि ते म्हणत असतानाच त्याचा उजवा हात गिऱ्हाइकाच्या गादीतला मूठभर कापूस पायाजवळच्या पोत्यात सरकवी. पिंजलेला कापूस फुगतो. त्यातून चार मुठी कमी झाल्या तरी गादी उंचच दिसते, आणि सहा महिन्यांनी ती पाठीला टोचू लागली की गिऱ्हाईक बिचारे आपल्या वयाला दोष देते. परमेश्वराच्या दातृत्वावर त्याचा विश्वास होता, परंतु त्या दातृत्वाला आपल्या उजव्या हाताचे साहाय्य लागते, अशी त्याची समजूत होती.

दोन गाळ्यांत त्याचे पिंजणयंत्र, कापसाचे ढीग आणि टाके घालण्याचा चौथरा सुखाने मावत. तिसरा गाळा कोपऱ्यावरचा. त्याला दोन रस्त्यांकडे दोन दारे, आणि म्हणूनच तो सर्वांत देखणा. धर्माचा नियम आणि वडिलांचा शब्द यांप्रमाणे तो बहिणीचा. गादीवाल्याने वडिलांच्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांत त्यात न खपलेल्या गाद्या छतापर्यंत रचल्या आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. या कृत्याला त्याने ‘तात्पुरती सोय’ असे नाव दिले होते. त्या सोयीला आता नऊ महिने झाले होते.

बहीण त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तिला सारी गल्ली आपाच म्हणे. ती गाद्यांच्या खोळी शिवी. भाड्याच्या एका खोलीत तिचे शिवणयंत्र, कापडाचे तागे, घरांना रंग देणारा नवरा आणि त्याचे रंगाचे डबे असा सारा संसार एकमेकांना कोपराने ढोसत नांदत होता. घरमालकाने ती खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितली होती. आपाने भावाला हे दोनदा कळवले. दोन्ही वेळा भाऊ म्हणाला, “बघू या. आपण काय परके आहोत?” परका मनुष्य असता तर त्याला निदान भाडे तरी मागता आले असते, हे आपाच्या मनात आले.

याच सुमारास एक औषधवाला कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने मागत आला आणि गादीवाल्याची झोप उडाली. औषधवाला म्हणाला ती रक्कम ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जी तल्लीनता पसरली, ती नमाजेत कुणाला कधी दिसली नव्हती. आता बहिणीकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेणे तेवढे उरले. अनेक घरांत भावांनी हे सहज उरकलेले त्याने पाहिले होते. बहीण मान खाली घालते, ‘माफ केलं’ म्हणते, भाऊ तिला एक साडी देतो आणि सारे जेवायला बसतात. त्याने साडीही पाहून ठेवली होती, बेताच्या किमतीची.

तथापि त्याला एक व्याधी होती. पाप करताना त्याला देवाची परवानगी लागे.

म्हणून तो मशिदीत मौलवीसाहेबांकडे गेला. “एका कामाबद्दल मन जरा डळमळतंय,” तो म्हणाला. “इस्तिखारा केला तर चालेल ना?”

“का नाही? जायज कामात मन अडलं की जरूर करावा.”

‘जायज’, म्हणजे धर्माला मान्य, हा शब्द त्याने, गव्हातला खडा जिभेने बाजूला सारावा तसा, बाजूला सारला.

इस्तिखारा म्हणजे ईश्वराच्या हाती निवड सोपवणे. दोन रकात, म्हणजे दोन आवर्तने, नमाज अदा करायची, मग एक दुआ म्हणायची. तिचा आशय असा, की तू जाणतोस, मी जाणत नाही. तू समर्थ आहेस, मी नाही. हे काम माझ्या भल्याचे असेल तर ते घडव. वाईट असेल तर त्याला माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर कर. भले जिथे असेल तिथून ते मला दे आणि त्यात मला राजी ठेव. ‘हे काम’ म्हणण्याच्या ठिकाणी माणसाने आपल्या कामाचे नाव घ्यायचे असते.

गादीवाल्याने सात दिवस इस्तिखारा केला. दुआचा पूर्वार्ध तो पाकातून काढल्यासारखा संथ आणि गोड म्हणे. ‘दूर कर’ येथून पुढचा उत्तरार्ध मात्र, कुत्रे मागे लागल्यासारखा, एका दमात संपवी. नाव घेण्याच्या ठिकाणी तो म्हणे, ‘गाळ्यांची व्यवस्था.’ आणि रोज सकाळी बायकोला आदल्या रात्रीचे स्वप्न सांगे.

“आज कोंबडीच्या मागे धावत होतो,” तो म्हणाला. “हाताशी आली होती अगदी.”

“आली का हातात?”

“येणारच होती. तेवढ्यात जाग आली. पण खूण चांगली आहे.”

तिसऱ्या दिवशी त्याचा पुढचा दात पडला. अर्थात स्वप्नात. “अडसर दूर झाला,” असा त्याने अर्थ लावला.

“अहो, दात पडण्यात कसला आलाय होकार?” बायको भांडी पुसत म्हणाली. “उद्या घर जळालेलं दिसलं तर म्हणाल, उजेड पडला.”

पाचव्या दिवशी वडील दिसले. ते काही न बोलता पाठमोरे निघून गेले. हेही त्याला अनुकूल वाटले, कारण त्यांनी नाही म्हटले नव्हते. सातव्या दिवशी स्वप्नच पडले नाही. “म्हणजे आता हरकत नाही,” असे म्हणून त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि कागद तयार करायला गेला. देवाला इतक्या कमी शब्दांत इतके सारे म्हणायला लावणारा दुभाषी त्या वस्तीत दुसरा नव्हता.

आपा दुपारच्या नमाजेनंतर आली. पिंजणयंत्र नुकतेच थांबले होते. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, आणि गादीवाल्याच्या भुवया, कान, दाढी पांढरी झाली होती. बायकोने चहा आणला. त्याने चौथऱ्यावरची सुई, दोरा आणि कात्री बाजूला केली, तिथे कागद पसरला, त्यावर पेन ठेवले आणि घसा साफ केला.

“आपा, आपल्यात काही लपवाछपवी नाही.”

“किल्ली तेवढी लपवलीयेस. बाकी सगळं दिसतंय.”

“तू कडवट बोलू नकोस. मी सात दिवस इस्तिखारा केलाय, माहितीये? सात दिवस! वरून रजा मिळाली. नाहीतर मी तुला बोलावलंच नसतं.”

आपाने कागद उचलला, शेवटपर्यंत वाचला आणि जसा होता तसा ठेवला. तिला राग आला असता तर गादीवाल्याला बरे वाटले असते. रागावर त्याच्यापाशी उत्तरे तयार होती. तिच्या चेहऱ्यावर होती ती किळस, चहात माशी दिसावी तशी.

“रजा मिळाली म्हणतोस. मागितलीस कशाची?”

“म्हणजे?”

“दुआत कामाचं नाव घेतात. तिथं काय म्हणालास?”

“हेच. गाळ्यांची व्यवस्था.”

बायकोला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. आपा हसली नाही.

“गाळ्यांची व्यवस्था,” ती सावकाश म्हणाली. “अरे, दुकानात जाऊन साखर हवी असताना ‘किराण्याची व्यवस्था’ म्हणालास तर वाणीसुद्धा विचारेल, नक्की काय बांधू? आणि ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यापुढं तू पडदे लावतोस? लाज वाटत नाही?”

“तो नियत जाणतो.”

“जाणतो ना? मग बोलायला का भितोस?” तिने पेन उचलले आणि टोपण काढले. “ऐक. मी सही करते.”

गादीवाल्याने कागद तिच्याकडे सरकवला.

“आत्ता करते. साडीबिडी नको, तुझी साडी दोन धुण्यांत विटेल. फक्त एक कर. वजू कर, दोन रकात पढ, आणि दुआत त्या ठिकाणी स्वच्छ शब्दांत म्हण, ‘माझ्या बहिणीचा हिस्सा मला ठेवून घ्यायचाय.’ तू म्हटलंस की नाही, ते मी तपासायला येणार नाही. परत येऊन ‘म्हटलं’ एवढं सांग, मी सही करते.”

“आपा, अशी दुआ करतात का कुणी?” बायको घाबरून म्हणाली.

“सात दिवस हीच करत होता की. नुसता बुरखा घालून.”

“आणि सही केल्यावर तू जाणार कुठं?” गादीवाल्याने विचारले. या प्रश्नात काळजी किती आणि चौकशी किती, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

“ते तुला का सांगू? अब्बा असताना देणारे अब्बा नव्हते, आता देणारा तू नाहीस. ज्यानं आजवर दिलं त्याचा पत्ता बदललेला नाही. मला महिनाअखेरीची धास्ती आहे, नाही असं नाही. पण तुझ्यापुढं हात पसरण्याइतकी नाही. जा.”

असा स्वस्त सौदा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. एका वाक्यात एक गाळा, तोही दोन दारांचा! तो लगबगीने उठला, तोंड-हात-पाय धुऊन वजू केला आणि शांतता मिळावी म्हणून किल्ली काढून तिसऱ्याच गाळ्यात शिरला. ज्या जागेची चोरी करायची तिथेच उभे राहून देवाची संमती घ्यावी, ही सूक्ष्मता त्याच्या ध्यानी आली नाही. गाद्यांच्या दोन थप्प्यांमध्ये जेमतेम एका माणसापुरती फट होती. तिथे त्याने जानमाज अंथरली.

दोन रकात झाल्या. हात उचलून त्याने दुआ आरंभली. तू जाणतोस, मी जाणत नाही. तू समर्थ आहेस, मी नाही. नेहमीच्या गोडव्याने तो नाव घेण्याच्या ठिकाणी आला आणि त्याने तोंड उघडले.

“माझ्या...” तो म्हणाला, आणि थांबला. घशात कापूस गेला असेल. तो खाकरला. “माझ्या कुटुंबाची...” नाही, हे नव्हे. “आपाच्या संमतीनं जो काही...” हेही नव्हे. शब्द अवघे चार-पाच होते आणि प्रत्येकाचा अर्थ त्याला ठाऊक होता. ‘बहीण’ म्हणता येत होते. ‘हिस्सा’ही येत होते. ते दोन एकमेकांशेजारी ठेवले की जीभ अडत होती. ज्याच्यापुढे उभे आहोत तो आपाचाही आहे, हे त्याला माहीत नव्हते असे नाही. परंतु सात दिवस तो ज्याच्याकडे परवानगी मागत होता, तो त्याच्या कल्पनेतला, केवळ त्याच्या एकट्याचा, गल्ल्याशेजारी बसणारा आणि डोळे मिटून मान डोलवणारा कुणी होता. असा देव मनुष्याने स्वतःच्या मापाने शिवलेला असतो.

त्याने दुआ पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा तिथेच अडला. मग त्याने लोभी मनुष्य शेवटपर्यंत जे करतो ते केले, घासाघीस. अर्धा गाळा द्यावा काय? मागचा अर्धा, ज्याला रस्ता नाही तो? किंवा गाळा तिचा आणि भाडे आपले? किंवा आज सही घ्यावी आणि मग दरमहा आपल्या खुशीने तिला काही देत जावे, म्हणजे पुण्याचे पुण्य? प्रत्येक प्रस्ताव तो मनात उच्चारी, आणि प्रत्येक प्रस्तावाला त्या गाद्यांच्या फटीत उत्तर म्हणून केवळ त्याचाच श्वास ऐकू येई. आपण येथे एकटे बोलत आहोत, इतके दिवस एकटेच बोलत होतो, हे त्याला तेव्हा कळले. आणि आपल्या आवाजाची त्यालाच शिसारी आली.

लोभाच्या तळाशी काय असते हे त्याला प्रथमच दिसले, आणि ते फारच क्षुद्र होते. तिथे ऐश्वर्याची हौस नव्हती. एका भित्र्या माणसाची अखंड कुरकुर तेवढी होती: उद्या यंत्र बिघडले तर, गिऱ्हाईक आटले तर, मुलीच्या लग्नाच्या वेळी हात रिकामा असला तर. दिवसातून वीस वेळा ‘देणारा तो’ म्हणणाऱ्याने त्या देणाऱ्यावर एक दिवससुद्धा भरवसा ठेवून पाहिला नव्हता.

पुढे सरकता येईना, तेव्हा त्याने, नाव न घेताच, उत्तरार्ध म्हटला. तो प्रथमच संथपणे म्हटला, कारण पळायला जागा उरली नव्हती. हे मला वाईट असेल तर याला माझ्यापासून दूर कर. येथवर ठीक होते. आणि मला याच्यापासून दूर कर. या शब्दांवर तो अडखळला, कारण हे घडावे अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती आणि घडणार हे त्याला समजले होते. भले जिथे असेल तिथून दे. त्यात मला राजी ठेव. ‘राजी’ म्हणताना त्याचे नाक वाहत होते, आणि ते दृश्य काही भव्य नव्हते.

तो बाहेर आला तेव्हा चहा थंड झाला होता. आपाच्या हातात पेन तसेच होते.

“म्हटलंस?”

खोटे बोलणे अगदी सोपे होते. ती तपासणार नव्हती.

“नाही म्हणवलं,” तो म्हणाला.

आपाने पेनाला टोपण लावले. तिचा चेहरा निवळला असे म्हणता येणार नाही, पण माशी तेवढी उडाली होती. गादीवाल्याने किल्ली चौथऱ्यावर ठेवली. ठेवली, आणि बोट मात्र तिच्यावरून काढले नाही.

“आत एक फळी आहे भिंतीला,” तो म्हणाला. “सागाची. ती मी बसवलेली. ती काढून...”

“अहो!” बायको ओरडली.

त्याने बोट काढले.

मग तिघांनी मिळून गाद्या बाहेर काढायला सुरुवात केली. आतल्या दोन गाळ्यांत मावेनात म्हणून काही रस्त्याकडेला रचाव्या लागल्या. ते काम निम्मे झाले असेल, तोच औषधवाला मोजपट्टी घेऊन हजर झाला. रिकामा होत असलेला गाळा पाहून त्याचा चेहरा खुलला.

“वा! आजच रिकामा करताय? मी उद्याच आगाऊ रक्कम...”

“हा गाळा हिचा आहे,” गादीवाला म्हणाला. “ती देत नाहीये.”

“काल तर तुमचा होता.”

“कालही हिचाच होता. मी खोटं सांगितलं.”

औषधवाल्याने भुवया उंचावल्या. “विचार करा, साहेब. एवढं भाडं या रस्त्यावर तुम्हाला दुसरं कोण देणार?”

रोज वीसदा म्हटलेले वाक्य गादीवाल्याच्या ओठांवर आले आणि त्याने ते गिळले. आज ते म्हणायची त्याला लाज वाटली. तो नुसता मान हलवून उभा राहिला. औषधवाला समोरच्या फरशीवाल्याच्या दुकानाकडे गेला आणि मोजपट्टी उलगडू लागला. गादीवाल्याचे पाय आपोआप तिकडे वळले. एक पाऊल, दोन पावले.

“बोलाव हवं तर,” आपा गादीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाली. “पेन अजून आहे माझ्याकडं.”

“पाय गेले. मी नाही गेलो.”

“मग पायांना सांग, गादी जड आहे. उचल.”

त्याने उचलली. कुणी चमत्काराची अपेक्षा करीत असेल तर हे सांगणे भाग आहे, की त्या दिवशी रस्त्यावर मांडलेल्या गाद्यांपैकी एकही विकली गेली नाही. दोन माणसांनी भाव विचारले, एकाने नुसतेच दाबून पाहिले. आपाचे शिवणयंत्र संध्याकाळपूर्वी कोपऱ्यावरच्या गाळ्यात आले. तिच्या नवऱ्याने भिंतीवर नख ओढून पाहिले आणि “पोपडे आलेत, दोन हात द्यावे लागतील” एवढेच तो बोलला. गादीवाला शेजारी उभा राहून सर्वनाशाची वाट पाहत होता. सर्वनाश काही आला नाही. नेहमीच्या वेळी त्याला भूक मात्र लागली, आणि नेहमीइतकेच ताटात होते. याचे त्याला आश्चर्य वाटले, यावरून त्याच्या आजवरच्या श्रद्धेची खोली वाचकाने ओळखावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बहिणीला घेऊन दस्त लिहिणाऱ्याकडे गेला. बाकावर बसून त्याने सगळा तपशील सांगितला: कोपऱ्यावरचा गाळा, दोन दारे, वडिलांच्या वारशातला बहिणीचा भाग. भिंतीवरच्या फळीसह, हेही त्याने सांगितले, जरा थांबून.

दस्त लिहिणारा झरझर लिहीत होता. मधेच त्याने लेखणी थांबवली. “तुम्ही हे आनंदानं करताय, असं एक वाक्य शेवटी घालतो. सगळेच घालतात.”

गादीवाल्याने आपाकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती. या बाबतीत ती त्याला काडीचीही मदत करणार नव्हती.

“आनंद अजून आलेला नाही,” तो म्हणाला. “मागितलाय. तुम्ही असं लिहा, की भीत भीत देतोय, पण देतोय.”

“असं दस्तात लिहीत नाहीत हो.”

“मग ते वाक्यच घालू नका,” गादीवाला म्हणाला, आणि सही करण्यासाठी पुढे सरकला.